पहिल्याला नाही, दुसऱ्याला हो

४ नोव्हेंबर

हात रिकामे राहिले की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले. एरवी या वेळी मी मशीनवर असते.

मशीन मेलेलं नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण आज दिवसभर सगळे ते मेल्यासारखंच बोलत होते. मेलाय तो मशीनच्या मागचा डबा. त्यात डिझाइनं साठवलेली असतात. कुठल्या ओळीत कुठल्या सुईवर पांढरी लोकर आणि कुठल्या सुईवर निळी, हे मशीनला डबा सांगतो. डबा गप्प बसला की मशीन नुसतं साधं कापड विणतं, आणि ज्या शाळेची ऑर्डर आहे तिला तर स्वेटरच्या छातीवर पक्षी हवाय. तिथल्या मोठ्या बाई स्पष्टच म्हणाल्या, पक्षी नसेल तर दुसरीकडे बघतो.

कंपनीचा मेकॅनिक आला, डबा उघडून नुसता वास घेतला आणि म्हणाला, "आजी, हा आता कुठेच मिळत नाही. भंगारात काढा सगळं." आजी म्हणे! त्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत.

वन्सं शेजारच्या खुर्चीत होत्या. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. हे गेले, वन्सं राहिल्या. त्या चौकटीच्या कागदावर डिझाइन काढतात, मी विणते. त्यांचा डावा कान पार गेलाय, उजवा निम्मा आहे, पण कानाचं मशीन लावून घ्यायचं नाव नाही. "काय म्हणाला?" त्यांनी विचारलं. "मूर्ख आहे म्हणाला!" मी ओरडले. "कोण, तो?" म्हणाल्या. मेकॅनिक बिचारा हत्यारं गोळा करून गेला.

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. त्याला वन्संनीच कळवलं असणार, त्यांच्या पोटात काही राहत नाही. त्याचं सगळं ठरलंय. मशीन भंगारात, कारखान्याची खोली, आम्ही राहतोही तिथेच, ती मालकाला परत, मी त्याच्याकडे. "आणि आत्यासाठी मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय आई, खूप छान आहे. मोठी बाग आहे." वन्संना बागेचं काय करायचंय? त्यांना गवताने शिंका येतात.

महिनाअखेरीस येतोय म्हणाला, भंगारवाल्याला घेऊनच. मी विचारलं, मशीन चाललं तर? तो म्हणाला, "चाललं तर बघू." बघू म्हणाला ना? मग बघच म्हणावं.

६ नोव्हेंबर

सुट्या भागांच्या गल्लीत गेले. आठ दुकानदारांनी नाही म्हणून मान हलवली. नवव्याने चहा मागवला. त्याचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट आहे, छतापासून वायरी लोंबतायत. त्याला मी वायरवाला म्हणणार.

वायरवाल्याने मेलेला डबा उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "ताई, डबा दुरुस्त नाही होणार. पण डब्याचं सोंग घेता येईल." मग पत्त्यांच्या कॅटएवढा एक हिरवा बोर्ड काढला. हा म्हणे आख्खा कंप्युटर आहे. एका कडेला चाळीस पिना, खिळ्यांसारख्या, दोन रांगांत. मला एकदम सुयांची पट्टी आठवली आणि बरं वाटलं.

म्हणाला, माझ्यासारखंच मशीन असलेल्या कुणीतरी, कुठल्या देशात कोण जाणे, याच डब्यासाठी प्रोग्रॅम लिहून सगळ्यांना फुकट देऊन टाकलाय. तो बोर्डात घालायचा. बोर्डाच्या पिनांपासून मशीनच्या सॉकेटपर्यंत वायरी न्यायच्या. मशीनला वाटेल डबाच बोलतोय. मशीनचा करंट या बोर्डाला झेपत नाही म्हणून मध्ये एक छोटी पट्टी लावायची. पट्टी त्याने तिथल्या तिथे जोडून दिली.

"मी येऊन लावून देतो."

"नको. माझं मशीन आहे, मीच लावणार."

"चुकलं तर?"

"तर माझं चुकेल. तुम्ही कशाला घाबरताय?"

हसला. एकच गोष्ट बजावली, वायर काढताना-घालताना वीज बंद. हे मला सांगतोय! सुयांच्या मशीनवर माझं अर्धं आयुष्य गेलंय आणि दहाही बोटं शाबूत आहेत.

घरी आल्यावर वन्संना बोर्ड दाखवला. त्यांनी हातात घेऊन विचारलं, "साबणदाणी?"

८ नोव्हेंबर

सगळं जोडलं. स्क्रीन म्हणून जुना टीव्ही लावला. वायरवाल्याने तीन वायरी दिल्यात: काळी, निळी, पिवळी. काळी जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. निळी बोलण्याची, पिवळी ऐकण्याची. मशीनच्या सॉकेटवरही तसंच लिहिलंय, बारीक अक्षरात, कुठली पिन बोलते, कुठली ऐकते. मी चष्म्यावर भिंग धरून वाचलं आणि नीट जोडलं. आपल्या कामात एक शिस्त असते. निळ्याला निळं बांधायचं, पिवळ्याला पिवळं. छटा चुकली की स्वेटर वाया.

प्रोग्रॅम चालू केला. मशीन चालू केलं. काही नाही. ढिम्म.

वन्सं म्हणाल्या, "जाऊ दे ना ते. उगाच डोळे फोडतेस." मी म्हटलं, माझे डोळे आहेत, मी फोडेन. त्या म्हणाल्या, "काय?" मी परत म्हटलं नाही.

११ नोव्हेंबर

वायरवाल्याला फोन केला. म्हणतो, "पिना उघडल्यात का?" म्हटलं, उघड्याच आहेत की, डोळ्यांना दिसतायत. म्हणाला, तसं नाही. दिसतात उघड्या, पण आतून बंद असतात. बोर्ड नवा असतो तेव्हा त्याला कुणाशी बोलायची परवानगीच नसते. सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला सांगावं लागतं.

हे मला आवडलं नाही. चाळीस-चाळीस पिना बाहेर काढून बसायचं आणि बोलायचं मात्र नाही! पण चला. त्याने कुठे जायचं ते सांगितलं, मी टीव्हीवर शोधलं. तिथे दोन प्रश्न येतात, एकामागून एक. इंग्रजीत, लांबलचक. माझं इंग्रजी स्वेटरच्या मापांपुरतं. मी म्हटलं, विचारतोय म्हणजे देतोय काहीतरी, म्हणून दोन्हींना "हो" करून टाकलं. मी सहसा कुणाला हो म्हणत नाही, पण इथे गरज माझी.

बोर्ड बंद करून परत चालू केला. त्याशिवाय सेटिंग लागू होत नाही म्हणे. प्रोग्रॅम सुरू केला तर म्हणतो, ही लाइन आधीच दुसऱ्या कुणीतरी धरलीय. कुणी धरलीय? या खोलीत मी आणि वन्सं. वन्सं झोपल्या होत्या.

१२ नोव्हेंबर

स्वतः दुकानात गेले. फोनवर माझा आवाज चढतो.

वायरवाल्याने समजावलं. पहिला प्रश्न असा असतो: या पिनांवरून बाहेरच्याला कंप्युटरच्या आत येऊ द्यायचं का? तिथे हो म्हटलं की कंप्युटर स्वतःच त्या लाइनवर ठाण मांडून बसतो आणि बडबड करत राहतो, कोण आहे, नाव सांगा, पासवर्ड सांगा. मग दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच नाही. दुसरा प्रश्न असा: पिना चालू करायच्या का?

"म्हणजे पहिल्याला नाही, दुसऱ्याला हो," तो म्हणाला. "लोक इथेच फसतात. घाबरट माणूस दोन्हींना नाही म्हणतो, उत्साही माणूस दोन्हींना हो."

मी म्हटलं मी यातली कुणीच नाही, मला इंग्रजी येत नाही एवढंच.

घरी येऊन तसंच केलं. पहिल्याला नाही. दुसऱ्याला हो. रीस्टार्ट. प्रोग्रॅमची तक्रार गेली. स्क्रीनवर नुसती ओळ लुकलुकतेय, वाट बघतोय म्हणून. मशीनही वाट बघतंय. दोघं एकमेकांची वाट बघत बसलेत आणि मी दोघांची.

१५ नोव्हेंबर

तेच. काही बदल नाही. वायरी हलवून पाहिल्या, सॉकेट ब्रशने साफ केलं, प्रोग्रॅम परत घातला.

चिरंजीवांचा फोन आला. वृद्धाश्रमाने खोली राखून ठेवलीय म्हणाला, खिडकी बागेकडे. मी विचारलं, तिथे त्यांच्याशी कोण बोलणार? तिथे कोणाला ठाऊक आहे की यांच्याशी बोलायचं तर उजवीकडून बोलायला लागतं? तो म्हणाला, "आई, तूच तर म्हणायचीस की आत्याने वैताग आणलाय." म्हणायचे. अजूनही म्हणते. तो माझा वैताग आहे, त्याने त्यात पडू नये.

त्याचंही अगदीच चुकत नाही म्हणा. मागच्या हिवाळ्यात मी कारखान्याच्या जिन्यावर घसरले तेव्हा वन्संना माझी हाक ऐकूच आली नव्हती. शेवटी चहाला उशीर झाला म्हणून त्या शोधत आल्या. तो तेव्हापासून घाबरलाय. पण घाबरलाय तर जिन्याला कठडा लाव ना, घर कशाला उचकटतोस?

१९ नोव्हेंबर

वन्संनी पलंगाखालून पिशवी काढून भरायला घेतलीय. मला म्हणाल्या, "मी जाते बाई. तुझ्या गळ्यात लोढणं कशाला? त्याच्याकडे सुखाने राहा." मी म्हटलं, जा ना मग, कोण अडवतंय? हे त्यांना बरोबर ऐकू आलं. असलं सगळं ऐकू येतं.

त्या आंघोळीला गेल्यावर मी पिशवीत डोकावले, गरम कपडे घेतलेत का ते बघायला. कपडा एक नाही! तळापासून वरपर्यंत निळी लोकर, चौकटीचे कागद आणि पेन्सिली. वृद्धाश्रमात काय पेन्सिली अंगावर घालणार? विसरभोळेपणा वाढत चाललाय, दुसरं काय. मी त्यांचे दोन लोकरी मोजे वरून ठेवले आणि पिशवी होती तशी बांधली.

आणि त्या रोज पक्ष्याचं डिझाइन परत परत काढतायत. आता लहान मुलांच्या मापांत काढलं. शाळेने लहान माप मागितलेलंच नाही. मी सांगितलं, तर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मागतील." पुढच्या वर्षी! बाई, तुम्ही पुढच्या वर्षी बागेत शिंकत असाल. हे मात्र मी मनातच म्हटलं.

२३ नोव्हेंबर

आज वायरवाल्याने हात टेकले. "ताई, माझ्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर असाच बोर्ड चालतो. तुमचं सॉकेटच जळलं असेल. बोर्ड परत आणा, मी ठेवून घेतो."

म्हणजे तोसुद्धा त्यांच्यात गेला. मेकॅनिक, चिरंजीव, मोठ्या बाई, आता हा. सगळ्यांना एकदम कळलंय की माझं मशीन मेलंय, फक्त मला आणि मशीनला कळलेलं नाही. परत देणार नाही म्हटलं. सॉकेट जळलं असेल तर मी नवं बसवेन. नवं मिळत नसेल तर पितळेच्या पट्टीचं बनवेन. मी भंगारवाल्याला दारातून आत घेणार नाही, त्याने हवं तर खिडकीतून बघावं.

जेवले नाही. वन्संनी ताटली झाकून ठेवली आणि जवळ बसून राहिल्या. त्याचाही राग आला.

२६ नोव्हेंबर

आजचं सगळं सविस्तर लिहिते, कारण मी गाढव आहे आणि ते लिहून ठेवलेलं बरं.

दुपारी मी मशीनमागे जमिनीवर बसून सॉकेटचा स्क्रू काढत होते. वन्सं समोर उभ्या, माझ्यावर टॉर्च धरून. टॉर्च कुठे धरायचा ते मी सांगतेय आणि त्या भलतीकडेच धरतायत. "डावीकडे! डावीकडे वन्सं!" मी तोंड वर करून ओरडतेय. त्याच वेळी त्याही काहीतरी सांगतायत, की कपबशी पडेल तुझ्या कोपराने. दोघी एकदम. कपबशी पडली.

वन्सं खाली वाकल्या, अगदी माझ्या तोंडासमोर तोंड आणलं आणि चिडून म्हणाल्या, "इतकी वर्षं सांगतेय, माझ्या तोंडाशी ओरडून काय उपयोग? तोंडाने ऐकतं का कुणी? कानाशी बोल!"

मी त्यांच्या कानाकडे बघितलं. मग वायरींकडे बघितलं.

निळी बोलण्याची. बोर्डाच्या बोलणाऱ्या पिनेपासून निघालीय आणि मशीनच्या बोलणाऱ्या पिनेला लागलीय. पिवळी ऐकणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे. निळ्याला निळं, पिवळ्याला पिवळं, काय ती माझी शिस्त! दोघांची तोंडं एकमेकांना बांधली होती मी, आणि कान एकमेकांना. अहो, मग कोण बोलणार आणि कोण ऐकणार? वायरवाल्याला हे सुचलं नाही कारण असली चूक कुणी करेल असं त्याला वाटलंच नसेल. ती फक्त विणणारी बाईच करू शकते.

वीज बंद केली. निळी आणि पिवळी मशीनकडच्या टोकाला अदलाबदल केली. वीज चालू.

मशीनने टुक केलं.

एवढंसं टुक. डबा जिवंत असताना करायचं तसं. स्क्रीनवर अक्षरं धावायला लागली. मी कॅरेज, सुयांवरून सरकणारी मूठ, धरली आणि डावीकडून उजवीकडे ओढली, आणि सुया, माझ्या सुया, एकेक करून पुढे आल्या, कुठली यायची आणि कुठली नाही यायची ते ओळखून. दोन ओळी, चार ओळी, आणि निळ्यावर पांढरं काहीतरी उमटायला लागलं.

मी जमिनीवरच्या कपबशीच्या तुकड्यांसकट नाचले. या वयात. वन्संना टुक ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी हात मशीनवर ठेवला होता, त्यांना ते हाताला कळलं. म्हणाल्या, "बोललं का गं?"

बोललं!

वायरवाल्याला फोन करून आधी सॉकेटबद्दल दोन शब्द सुनावले आणि मग सगळं सांगितलं. तो इतका हसला की मी फोन लांब धरला. मग म्हणाला, "मी वायरी देतानाच सांगायला हवं होतं, ताई." हवंच होतं.

२८ नोव्हेंबर

मोठ्या बाईंना नमुना दाखवला. हाताने उलटून मागची वीण बघितली त्यांनी, म्हणजे जाणकार आहेत. ऑर्डर आपलीच.

कारखान्याच्या जिन्याला सुताराकडून कठडा बसवून घेतला. शिवाय एक घंटीचं बटण जिन्याशी आणि एक लाल दिवा वन्संच्या खुर्चीसमोर. बटण दाबलं की दिवा लागतो. बोर्डावर पिना उरल्या होत्याच, वायरवाल्याने फोनवर सांगितलं आणि मी जोडलं. वन्सं दिवसभर मला जिन्यावर पाठवून दिवा लावायला सांगतायत.

पिशवी अजून पलंगाशेजारीच आहे.

३० नोव्हेंबर

आला चिरंजीव. मागे भंगारवाला, हातात दोरखंड. मी दारातच होते, पण आत घेतलं दोघांनाही. बघू म्हणाला होता ना? बघ.

कॅरेज ओढली. पक्षी निघाला. भंगारवालाच आधी म्हणाला, "हे तर चालतंय की!" आणि दोरखंड गुंडाळायला लागला. चिरंजीवाने वाकून बोर्डाच्या वायरी बघितल्या. मी त्याला कठडा दाखवला, बटण दाबून दाखवलं, लाल दिवा दाखवला. वाटलं होतं, पोरगा भांडेल. भांडला नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि अगदी हळू विचारलं, "आई, मशीन चालू दे. मी नाही नेत ते. पण तू येतेस ना माझ्याकडे?"

"नाही."

"मग इथे, आत्याबरोबरच राहणार?"

"हो."

दोन्ही उत्तरं द्यायला मला काही वेळ लागला नाही. त्याला ती ऐकायला लागला. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "तू कधी कुणाला हो म्हणालेलं मी ऐकलंच नव्हतं." मग वृद्धाश्रमाला फोन करायला बाहेर गेला.

वन्सं खुर्चीत बसून आमच्या ओठांकडे बघत होत्या. पिशवी मांडीवर घेतलेली, दोन्ही हातांनी धरलेली. "काय विचारत होता?" त्यांनी मला विचारलं. "मला कधी निघायचंय?"

मी उठले. त्यांच्या उजव्या बाजूला गेले, कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, "तुम्ही कुठेही जायचं नाही. तुम्ही गेलात तर मला करमणार नाही, वन्सं. मी मरेन इथे एकटी." एवढं बोलायला मला इतकी वर्षं का लागली कोण जाणे, पण एकदा सुटलं ते सुटलंच. कदाचित जरा मोठ्यानेच बोलले असेन. खाली दोरखंड घेऊन निघालेला भंगारवालासुद्धा जिन्यात थांबला.

वन्संनी कान चोळला.

"ओरडतेस कशाला?" त्या म्हणाल्या. "ऐकू आलं मला."

मग पिशवीतून लोकर काढून एकेक गुंडा टेबलावर मांडला, मोजे पायात चढवले आणि मशीनवरचं कापड चष्म्याजवळ नेऊन बघितलं. म्हणाल्या, पक्ष्याच्या चोचीत एक टाका चुकलाय, उसव आणि परत घे.